चाळिसातले तीन

अक्का, तुमची नऊ पानं मी काल वाचली.

तुम्ही ती माझ्या हातात दिलीत त्याला तेरा महिने झाले. तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले. मधल्या काळात तुम्ही एकदाच विचारलं होतंत, "वाचलंस काय गं?" आणि मी म्हटलं होतं, "हो अक्का, वाचलं." ते खोटं होतं. तुम्हाला ते कळलं होतं की नाही, असा एक प्रश्न मी इतके दिवस सोयीनं उघडा ठेवला होता. काल तो मिटला. म्हणून लिहायला बसले आहे. ऐकून घ्या, आणि रागवायचं असेल तर रागवा. तुम्हाला माझ्यावर कधी नीट रागावता आलं नाही, हीच तर अडचण आहे.

पुण्याहून इथे कानडी मुलखात आले तेव्हा मला वाटायचं, बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं म्हणजे शोधनिबंध वाचता येतो. आपल्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसात देशभरातून पेपर यायचे. जर्नलकडे पाठवायच्या आधी संशोधक ते आपल्याकडून तपासून घ्यायचे. पहिल्या दिवशी सरांनी मला तुमच्या शेजारी बसवलं आणि तुम्ही माझ्यापुढे एक प्रिंट ठेवलीत. मी शीर्षकापासून सुरुवात केली. तुम्ही पानं उलटून सरळ तक्त्यावर बोट ठेवलंत.

"आधी आकडे. भाषा काय, कुणीपण सजवतंय. मी वाचतो, तू बघ."

बाई असून 'वाचतो' म्हणतात, म्हणून मला हसू आलं. तुमच्या ते लक्षात आलं. "आमच्या बेळगावाकडं बायका अशाच बोलतात," तुम्ही म्हणालात. "हसून झालं असलं तर दुसरी ओळ बघ."

तो उंदरांचा पेपर होता. पहिल्या पानावर तीस उंदीर आणि पाचव्या पानावरच्या तक्त्यात सव्वीस. मला ते दिसलंच नव्हतं, कारण मधली पानं फार सुंदर लिहिली होती. तुम्ही समासात पेन्सिलीनं लिहिलंत, 'उरलेले कुठे गेले?' आणि तेवढ्यावर न थांबता लेखकालाच फोन लावलात. पलीकडचे प्राध्यापक म्हणाले, चार मेले, त्यात लिहिण्यासारखं काय आहे? तुम्ही आधी कानडीत आणि मग इंग्रजीत, आवाजात गूळ घालून त्यांना सांगितलंत की सर, मेलेले तर लिहायलाच पाहिजेत. फोन ठेवून माझ्याकडे वळलात. "औषधानं मेले असले तर? उद्या तेच औषध कुणाच्या तरी पोटात जाणार की." पुढे ऑफिसात तुमचं नाव उंदीरअक्का पडलं. ते पाडणारी मीच होते. कबुलीला बसलेच आहे तर हेही सांगून टाकते.

दर शुक्रवारी आम्हा नव्या मुलींसाठी तुम्ही सरावाचा एक पेपर तयार करायचात. त्यात मुद्दाम एकच चूक सोडलेली असायची. जिला सापडेल तिला तुमच्या डब्यातला बेळगावचा गोड कुंदा, आणि बाकीच्यांनी तिच्या तोंडाकडे बघत बसायचं. एकदा मी तास-दीड तास डोकं फोडलं आणि शेवटी कंटाळून म्हटलं, "ह्यात चूकच नाहीये." तुम्ही डब्याचं झाकण लावलंत.

"नाही म्हणायचं नाही. मला दिसली नाही म्हण."

मग संगणकावर पेपर तपासणारं ते टूल आलं. मला थोडंफार कोडिंग यायचं म्हणून सरांनी मला त्या टीममध्ये घेतलं. मी तीन आठवडे तुमच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसले आणि तुम्ही पेपरला काय काय विचारता ते सगळं उतरवून घेतलं. तुम्ही एकही प्रश्न हातचा राखला नाहीत. उलट घरी गेल्यावर आठवला म्हणून सकाळी येऊन सांगायचात. त्या प्रश्नांचे आम्ही नियम केले. सादरीकरणात सातवा नियम पडद्यावर आला: अभ्यासातून वगळलेल्यांचा उल्लेख आहे का? कुणीतरी म्हणालं, हा फार छान विचार केलाय. मी "थँक यू" म्हटलं. तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला होतात आणि टाळ्या वाजवत होतात. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला ते टीमवर्क वाटलं.

टूल चांगलं होतं, हे तुम्हीच सगळ्यांत आधी मान्य केलंत. चूक निघाली म्हणून मागे घेतलेल्या पेपरचा संदर्भ कुणी दिला असेल तर ते क्षणात पकडायचं. एकच फोटो फिरवून दोनदा वापरलेला असला तरी सोडायचं नाही. जिथे आपला दिवस जायचा तिथे त्याला चहा निवेपर्यंतचा वेळ पुरायचा. "हे बघ की गं, मला दिसलंच नसतं," असं म्हणून तुम्ही लहान मुलीसारख्या खूश झाला होतात. शेवटी ते शंभरपैकी गुण द्यायचं आणि एक रंग. हिरवा म्हणजे ठीक. लाल म्हणजे परत. पिवळा आला तर माणसानं उघडून बघायचं, पटलं तर 'पाहिलं' हे बटण दाबायचं, की तोही हिरवा. बटण दाबणाऱ्याच्या नावाचं अक्षर शेजारी उमटायचं. माझं 'के'.

आपलं भांडण हिरव्यावरून होतं. तुमचं म्हणणं, हिरवा आला तरी एका माणसानं पेपर वाचायलाच हवा. माझं म्हणणं, मग यंत्र कशाला आणलं? ऑफिसखालच्या दर्शिनी हॉटेलात उभ्या उभ्या एकच कॉफी दोघींत बाय-टू करून पिताना हे भांडण रोज व्हायचं आणि रोज अर्धवट राहायचं. एकदा तुम्ही काकांना मध्ये आणलंत. काकांची उभी हयात बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात सुटे भाग तपासण्यात गेली.

"आमचे हे म्हणतात, भोकाचं माप बरोबर आहे काय ते गेज सांगतंय. भोक बरोबर जागी पाडलंय काय, ते गेजला विचारू नका म्हणून."

"अक्का, आम्ही जागेचाही नियम घालू."

"घाल की. मग मी दुसरं काहीतरी विचारतो."

मी हसले. मनात म्हटलं, ह्यांना आपली खुर्ची जाईल अशी भीती वाटतेय. हे वाक्य मी तुमच्यासमोर कधी बोलले नाही, पण ते मनात येत होतं. एकदा नाही, पुष्कळदा. तुमच्या पाठीमागे दोघातिघांपाशी बोललेही.

मग ठरलं की हिरवे पेपर माणसानं उघडायचे नाहीत. तुम्ही वाद घातला नाहीत. डबा खाऊन झाल्यावर रोज एक हिरवा पेपर उघडून वाचत बसायला लागलात. जेवणाच्या सुट्टीत बसताय म्हणून तुम्हाला कुणी काही म्हणू शकत नव्हतं. असे चाळीस पेपर वाचलेत आणि एका दुपारी ती नऊ पानं आणून दिलीत. इंग्रजीत, हातानं लिहिलेली, तुमच्या त्या उभ्या ताठ अक्षरात.

"आधी तू वाच. काय चुकलं असलं तर सांग. मग तूच सरांकडं दे. यंत्र तुझं हाय, माझ्या हातनं जायला नको."

तो आठवडा टूल बाहेरच्या लोकांना दाखवायचा होता. मी फार गडबडीत होते, असं लिहिणार होते, पण गडबड कुणाला नसते? खरं सांगायचं तर ती नऊ पानं बघून मला कंटाळा आला. मी ती स्कॅन केली आणि टूलमध्ये टाकली. तुमचं लिखाण, तुमच्याच प्रश्नांतून मी बनवलेल्या यंत्रात. अहवाल आला. भाषा स्पष्ट, मांडणी पूर्ण, वगळलेल्यांचा उल्लेख आहे, संदर्भ दिलेले नाहीत. एक्क्याण्णव. हिरवा. मी पानं ड्रॉवरमध्ये ठेवली.

आठवड्यानं तुम्ही विचारलंत.

"वाचलंस काय गं?"

"हो अक्का, वाचलं. मस्त लिहिलंय."

"सगळं?"

चोराच्या मनात चांदणं असतं. मला वाटलं, तुम्ही माझी उलटतपासणी घेताय. म्हणून जरा चढ्या आवाजात म्हटलं, "सगळं. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"काय दिसलं नाही?"

"काही नाही. एकदम क्लीन आहे."

 तुम्ही कानडीत, ठीक आहे अशा अर्थानं, म्हणालात, "सरी." आणि आपल्या टेबलाशी गेलात. पानं सरांकडे गेली का, हे तुम्ही पुढे कधीच विचारलं नाहीत. ती गेली नव्हती. दोन महिन्यांनी तुमच्या टेबलाची गरज उरली नाही. केक आला, शाल आली, हातावर बांधायचं एक स्मार्ट घड्याळ आलं. सरांनी मला चार शब्द बोलायला सांगितलं आणि मी चांगले चाळीसभर शब्द बोलले. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात.

शेवटची भेट दोन महिन्यांपूर्वीची, जे. पी. नगरच्या घरी. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होतात आणि मनगटावरचं ते घड्याळ सैल होऊन कोपराकडे सरकत होतं. माझ्या आईची चौकशी केलीत. नवीन मुली कशा आहेत विचारलंत. "तुझं यंत्र बरं हाय काय?" असं एखाद्या पाहुण्याची चौकशी करावी तसं विचारलंत. त्या क्षणी सांगता आलं असतं. अक्का, मी वाचलं नव्हतं, एवढंच तर म्हणायचं होतं. तेवढ्यात काका चहा घेऊन आले आणि मी ट्रॅफिकचं निमित्त करून उठले. तुम्ही म्हणालात, "स्वल्प बस की गं, आत्ता तर आलीस." मी बसले नाही.

तेराव्याला पंगत उठल्यावर काकांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. कपाटातून तुमची एक वही काढून दिली. "तुमच्या कामाचं कायतरी दिसतंय. मला काय कळत नाही." मग थांबून म्हणाले, "ती सांगायची बघ सगळ्यांना. माझं लिहिलेलं कुणी वाचलं नसंल, पण केतकीनं सगळं वाचलं म्हणून."

अक्का, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात तुमच्या फोटोला हार घातलेला, आणि मी तिथे उभी राहून माझ्या खोट्याचं कौतुक ऐकत होते. काकांना वाटलं, मी तुमच्यासाठी रडतेय. त्यांनी मलाच पाणी आणून दिलं.

वही तीन दिवस पिशवीतच राहिली. काल ड्रॉवर उघडला, नऊ पानं काढली आणि तुम्ही शिकवलंत तशी आकड्यांपासून सुरुवात केली. पहिल्या पानावर चाळीस. हिरवे ठरलेले चाळीस पेपर तपासले, असं अक्षरात लिहिलेलं. चौथ्या पानावर, तेवीस निर्दोष आढळले. आठव्या पानावर, चौदांमध्ये दोष आढळले, आणि त्या प्रत्येकाचं कारण. मी बोटांवर बेरीज केली. सदतीस. पुन्हा केली. सदतीसच. शेवटच्या पानावर सगळ्यांत खाली एक वाक्य होतं: 'उरलेल्यांचं मी पाहिलं आहे.' यंत्राला तेवढं वाक्य पुरलं होतं. वगळलेल्यांचा उल्लेख आहे का? आहे. बरोबरची खूण.

मला आधी हसू आलं. म्हटलं, अक्कांनी शुक्रवारची चूक सोडलीय. कुंदा चुकला माझा. तुम्ही विचारत होतात, काही दिसलं नाही? आणि मी सांगत होते, एकदम क्लीन आहे. दिसली नाही म्हण, असं ज्या बाईनं मला शिकवलं तिलाच. पान उघडलं होतं का, एवढं तपासायला तुम्हाला एक चूक पुरली. हा माझा अंदाज होता, आणि अपमान व्हावा एवढा तो खरा वाटत होता.

पण मग वही उघडली.

वहीत चाळिसांच्या चाळीस पेपरची यादी आहे. त्यातल्या तीन आकड्यांभोवती पेन्सिलीनं गोल आहेत आणि प्रत्येक गोलाशेजारी एक अक्षर आहे. के. मी आज सकाळी ऑफिसात जाऊन ते तीन पेपर शोधून काढले. तिन्हींना टूलनं पिवळा दिला होता. एकात औषधाचा डोस तक्त्यात एक होता आणि मजकुरात त्याच्या दहापट. टूलनं बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं. मीच ते न उघडता 'पाहिलं' दाबलं होतं. तिन्ही पेपर टूल बाहेरच्यांना दाखवायच्या आधीच्या महिन्यातले होते, आणि पडद्यावर पिवळं फार दिसतंय असं सर म्हणाले होते.

म्हणजे ती चूक यंत्राची नव्हती. माझी होती. यंत्राविरुद्ध लिहिलेल्या तुमच्या अहवालात खरं तर तीच तीन उदाहरणं सगळ्यांत उठून दिसली असती. ती घातली असती तर सरांनी पहिला प्रश्न मला विचारला असता. तुम्ही ती गाळलीत. ज्या बाईनं मेलेले चार उंदीरसुद्धा कधी गाळू दिले नाहीत, तिनं माझ्यासाठी स्वतःची बेरीज मोडली. वहीत प्रत्येक गोलाखाली तारीख आहे आणि तुमच्या बेळगावी मराठीत एक ओळ. 'लेखकाशी बोललो. दुरुस्त करून घेतलं.' तीन वेळा. तुमच्या जेवणाच्या सुट्टीत.

आणि तरी ती नऊ पानं तुम्ही आधी मलाच दिलीत. काय चुकलं असलं तर सांग, म्हणालात. मी फक्त एवढं विचारायचं होतं की अक्का, तीन कुठे गेले? मग तुम्ही मला दर्शिनीत नेलं असतंत, अर्ध्या कॉफीवर दोन शब्द सुनावले असतेत आणि ते आपल्या दोघींत राहिलं असतं. मी आपणहून यावं म्हणून तुम्ही दार उघडं ठेवून बसला होतात. आणि मी बाहेरूनच सांगत होते की आत येऊन गेले.

आभार मानावेत असं वाटतं. आभार मानायलासुद्धा थोडी लायकी लागते. ती आधी मिळवावी म्हणून आज एक काम केलं. तुमच्या नऊ पानांना मी दहावं पान जोडलं. त्यात तीन पेपरचे क्रमांक लिहिले, ते कसे हिरवे झाले ते लिहिलं, कुणी केले ते लिहिलं आणि खाली माझं पूर्ण नाव. सातवा नियम कुणाचा तेही लिहिलं. वरच्या बाजूला लेखिका म्हणून तुमचं नाव घातलं. बारा वाजता सरांकडे पाठवलं.

लगेच उत्तर आलं. एकच शब्द: "स्कोअर?"

मी लिहिलं: एक्क्याण्णव. पण तो बघू नका, सर. वाचा. पहिल्या पानावर चाळीस आहेत, ते शेवटपर्यंत भरतात का ते मोजा.

त्यानंतर काही आलेलं नाही. आता सहा वाजलेत. सर वाचतायत की त्यांनी ते बाजूला ठेवलंय, मला कळायला मार्ग नाही. दर दहा मिनिटांनी मी मोबाइल उलटा करून बघते. माझी नोकरी जाईल कदाचित, पण अक्का, त्याचं एवढं वाटत नाही. आपण लिहिलेलं समोरच्यानं उघडलंय की नाही, हे न कळता बसून राहणं किती वाईट असतं, ते आज कळतंय. सहा तासांत माझा जीव नको झालाय. तुम्ही वर्षभर बसलात, आणि काकांना सांगत राहिलात, केतकीनं सगळं वाचलं.